कोल्हापुरात घरच्या भाजीसाठी माती कशी निवडायची आणि कशी कालवायची

माझं माहेर शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या बाजूला. सासर शिरोळमध्ये. माहेरची माती तांबडी; पाऊस उघडला की तासाभरात अंगणातून फिरता येतं. सासरची काळी. पावसाळ्यात रानात गेलं की चप्पल मातीतच राहते आणि एप्रिलमध्ये भेगा अशा पडतात की त्यात खुरपं पडलं तर काढायला काठी लागते. कोल्हापूर शहर या दोन्हींच्या मधे. त्यामुळं इथं कुणी ‘बागेची माती’ म्हणून गोणी हातात दिली, तर ती या दोन टोकांमधली कुठलीही असू शकते.

हे आधी सांगायचं कारण असं की नवीन माणूस सुरुवातच कृतीपासून करतो. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळ खत, झालं मिश्रण. पण कुठली माती ते त्यात लिहिलेलं नसतं. शिवाय जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं जो पाऊस लागतो, त्यात एक तृतीयांश कोकोपीट घातलेली कुंडी म्हणजे ओला बोळा. मुळं कुजतात, आणि आपण ‘मला काही हाताला येत नाही’ म्हणून कुंड्या जिन्याखाली ढकलतो. म्हणून कृती सगळ्यात शेवटी. आधी हातातली माती ओळखायची.

माती मळून बघा

मूठभर माती घ्या, खडे-काड्या काढा आणि थोडं थोडं पाणी घालत भाकरीच्या पिठासारखी मळा. मग तळहातावर करंगळीएवढी जाड वळी करा. वळी होतच नसेल, तुकडे पडत असतील, तर माती हलकी, मुरमाड किंवा वाळूसर आहे. वळी झाली पण वाकवताना चिरा पडल्या तर मध्यम, पोयट्याची. अशी मिळाली तर तुमचं निम्मं काम झालं. आणि वळी वाकवून बांगडी झाली, एकही चीर पडली नाही, वर बोटाला चकाकी आली, तर ती चिकण काळी. रंगावर जाऊ नका. तांबडी मातीही कधी कधी चिकट निघते आणि नदीकाठची करडी माती अगदी भुसभुशीत असते. हात खोटं सांगत नाही.

खात्री करायची असेल तर पाण्याची पारदर्शक बाटली घ्या. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा दोन-तीन तासांत, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. सासरच्या मातीची बाटली मी ठेवली होती तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीही वरचं पाणी चहासारखं गढूळ होतं.

तिसरी गोष्ट लिंबाची. कोरड्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊसवाले याला ‘केवडा पडला’ म्हणतात. या मातीत राख किंवा चुना घालायचा नाही, भरपूर कुजलेलं खत घालायचं. ज्या जागेवर वाळल्यावर पांढरा थर फुटतो ती माती तर उचलूच नका. शिरोळकडं पाण्याच्या अतिवापरानं जमिनी क्षारपड झाल्यात, तिथली माती कुणी फुकट दिली तरी नको.

नेमके आकडे हवे असतील तर मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. परसात पाच-सहा ठिकाणी सहा ते आठ इंच खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, कडेची पातळ चकती काढायची, सगळं एकत्र करून सावलीत वाळवायचं आणि त्यातली अर्धा किलो माती द्यायची. चार-दोन कुंड्यांसाठी एवढा खटाटोप नको. परस मोठं असेल तर जरूर करा.

माती आणायची कुठून

पहिल्या वर्षी मी फोनवरून ‘काळी कसदार माती’ मागवली. छोटा हत्ती आला, गेटासमोर ढीग ओतला, पैसे घेतले, गेला. वरची बुट्टीभर माती खरंच काळीभोर होती. खाली पांढरट मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं. कुठल्यातरी इमारतीच्या पायाची खुदाई माझ्या दारात आली होती. पायाची माती दहा-बारा फूट खोलवरची असते. तिच्यात कस नसतो, जिवाणूही फार थोडे असतात. गाडी ओतायच्या आधी फावडं मागून ढिगाच्या पोटातली माती बघा, आणि ‘कुठल्या रानातली, किती खोलीची’ एवढं विचारा. उत्तर द्यायला जो अडखळतो त्याची माती घेऊ नका. आपल्याला वरची सहा-आठ इंच माती हवी असते, जिच्यात काही ना काही पिकलंय.

गावाकडचं रान असेल तर प्रश्नच मिटला, फक्त उसात नुकतंच तणनाशक मारलेलं असेल तर तिथली माती आणू नका. टोमॅटो, घेवडा, मिरची यांची पानं दोरीसारखी वळतात. पंचगंगेचा गाळ हा आणखी एक मोह. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कितीतरी घरांसमोर मऊसूत गाळ साठला होता आणि लोकांना वाटलं की बागेला सोनं मिळालं. नदीचा गाळ कसदार असतो हे खरं, पण शहरातून गेलेल्या पुरात गटारं, गॅरेजचं तेल, दुकानातला माल सगळं मिसळलेलं असतं. फुलझाडांना वापरा हवं तर. मेथी-कोथिंबिरीला नको.

शेणखत: इथंच सगळं ठरतं

मातीत थोडं उणं-अधिक चालतं, खतात चालत नाही. गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं हे गावभर माहीत आहे; त्या म्हशींच्या गोठ्यातलं शेण कुठं जातं, हा प्रश्न बागवाल्यांनी विचारायचा. गवळ्याकडं उकिरडा असतोच. वरचं ताजं घेऊ नका, खालचं, वर्षभराचं घ्या.

चांगलं कुजलेलं शेणखत हातात घेतलं की शेण असल्याचं कळत नाही. रंग गडद तपकिरी, हाताला हलकं, चुरलं की भुगा होतो, वास वळवाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा. नाकाला झोंबणारा वास आला तर कच्चं आहे. ढीग मोठा असेल तर लोखंडी पहार मधोमध खुपसून पाच मिनिटांनी काढा आणि हात लावून बघा. पहार कोमट-गरम लागली तर ढीग अजून शिजतोय, म्हणजे दोन-तीन महिने थांबायचं. कच्चं खत कुंडीत गेलं की आतल्या आत तापतं आणि रोपाची मुळं भाजतात.

आता हुमणी. खत प्लॅस्टिकच्या कागदावर पसरून बघितल्याशिवाय घरात घेऊ नका. पांढरट, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची, चंद्रकोरीसारखी वळलेली अळी दिसली की ती वेचा. शेणाच्या ढिगात अशा अळ्या एकापेक्षा जास्त जातींच्या असतात आणि सगळ्याच मुळं खात नाहीत, पण नवख्या माणसानं ओळखत बसण्यापेक्षा सगळ्याच काढाव्यात. माझी दोन जवारी वांगी एका सकाळी मान टाकून बसली होती. पाणी कमी पडलं म्हणून मी अजून पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी रोपाला हात लावला तर ते अलगद वर आलं, खाली मुळंच नव्हती, आणि मातीत अळी निवांत वळून पडलेली. खत अर्धा दिवस उन्हात पातळ पसरून ठेवलं की अळ्या वर-खाली करतात आणि साळुंक्या उरलेलं काम करतात. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. नंतर ते मातीत, खतात अंडी घालतात. म्हणून मे-जूनमध्ये खताचा ढीग उघडा ठेवायचा नाही, गोणपाटानं झाकायचा.

गांडूळ खत घेणार असाल तर पिशवी दाबून बघा. चहापुडीसारखं रवाळ, मोकळं असलं पाहिजे. ते किलोवर विकतात, त्यामुळं ओलं खत घेतलं की पाण्याचेच पैसे जातात. पिशवीवर ‘सेंद्रिय’ असं मोठ्या अक्षरात छापलंय म्हणून भुलू नका. खाली उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच आणि महिना आहे का ते बघा.

निंबोळी पेंड थोडी आणून ठेवा, रोपं लावायच्या साधारण २० लिटरच्या पिशवीला एक मूठ पुरते. शेंगदाण्याची पेंडही चांगली, पण तिच्या वासानं उंदीर येतात. आमच्या गल्लीत तर घुशी आल्या.

भुसभुशीतपणा कशानं आणायचा

काळ्या मातीत थोडी वाळू टाकणं ही सगळ्यात जुनी चूक. घमेल्याला ओंजळभर वाळूनं माती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर वीट होते. मोकळेपणा येतो तो अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यानं. आणि आपल्या जिल्ह्यात त्याची काय कमी? उसाचं पाचट रानोरान जळतं. ते बोटभर तुकडे करून, शेणकाल्यात भिजवून, चार-सहा महिने खड्ड्यात कुजवलं की काळ्या मातीला याहून चांगलं काही नाही. मात्र कच्चं पाचट किंवा गुऱ्हाळावरचं ताजं चिपाड मातीत घालू नका. ते कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात, आणि महिनाभर तुमची रोपं पिवळी.

पश्चिमेकडं भाताची गिरणी जवळ असेल तर भाताचं तूस मागा. हलकं असतं, सावकाश कुजतं, पाण्याचा निचरा छान करतं. साखर कारखान्यातलं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, मिळालं तर तेही घ्या, पण ताजं असतं तेव्हा तापतं आणि घाण वास मारतं. नीट कुजून थंड झालेलं, आणि तेही एकूण खताच्या निम्म्यापेक्षा कमी.

कोकोपीट पूर्ण वर्ज्य नाही. फेब्रुवारी ते मे, स्लॅबवर ऊन रणरणतं तेव्हा ते ओल धरून ठेवतं. त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात, त्या आणल्या की दोनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळून काढायच्या, त्यातले क्षार जातात. पावसाळ्यासाठी मिश्रण करत असाल तर दहातला एक भाग, त्याहून जास्त नको.

राखेबद्दल एकच सांगते. तांबड्या, जांभ्याच्या मातीला राख मानवते, कारण ती मुळात आंबट असते. चार घमेल्यांना मूठभर पुरे. काळीला नको, ती आधीच विम्लधर्मी, म्हणजे आंबटच्या उलट.

कालवायचं प्रमाण

माप एकच ठेवा, घमेलं तर घमेलं, बादली तर बादली.

काळ्या चिकण मातीसाठी, कुंड्या-पिशव्यांत: ३ भाग माती, ३ भाग कुजलेलं शेणखत किंवा शेणखत-गांडूळ खत मिळून, २ भाग कुजलेलं पाचट किंवा तूस, १ भाग बारीक मुरूम.

तांबड्या मातीसाठी: ४ भाग माती, ४ भाग खत, १ भाग कुजलेला पाला किंवा कोकोपीट, वर सांगितलेली राख. तांबडीतून पाणी भरकन निघून जातं आणि त्याबरोबर खतही, म्हणून इथं खताचा हात सढळ.

दोन्ही माती मिळत असतील तर निम्मी-निम्मी घ्या. माझं मिश्रण आता असंच असतं, माहेर आणि सासर एका पिशवीत.

किती लागेल याचा अंदाज: १२ इंच रुंद, १२ इंच उंच गोल पिशवीत साधारण २२ लिटर बसतं. अशा दहा पिशव्यांना २२० लिटर, पण मिश्रण खाली बसतं म्हणून २६० लिटर धरा. घमेलं १२ लिटरचं असेल तर काळ्या मातीच्या प्रमाणात सात घमेली माती, सात खत, पाच पाचट, अडीच मुरूम. भिजल्यावर एक पिशवी २५-३० किलो होते. स्लॅबवर दहाच्या दहा एका ठिकाणी मांडू नका. भिंतीच्या, बीमच्या कडेनं ठेवा आणि गळती आहे का ते आधी बघा.

काळी माती कालवायची ती वाफशावरच. वाफसा म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटानं टोचला तर फुटतो, हाताला चिखल लागत नाही. ओली कालवली तर दगडासारखी ढेकळं होतात आणि वर्षभर फुटत नाहीत. फार कोरडी असेल तर आदल्या दिवशी शिंपडून गोणपाट टाका. मग फरशीवर ताडपत्री पसरा, थर द्या, फावड्यानं तीनदा एका बाजूकडून दुसरीकडं पालटा. घरात दोन माणसं असतील तर ताडपत्रीची टोकं धरून चादर झटकल्यासारखं उलटवा, पाठ वाचते.

मुरू द्या

कालवलं की लगेच रोप लावायची घाई होते. पंधरा-वीस दिवस थांबा. ढीग किंचित ओलसर ठेवा, गोणपाटानं झाका, आठवड्यातून एकदा पालटा. या काळात जीवामृत शिंपडता येतं: १० लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि रानातली मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, मग दहापट पाण्यात घालून ओतायचं. गूळ काळपट, रसायन न घातलेला घ्या. एक सांगते, जीवामृत म्हणजे दह्याचं विरजण. दूध नसेल तर नुसत्या विरजणाचं दही लागत नाही. खत कमी घालून जीवामृतावर भागवायला गेलात तर फसाल.

मिश्रण तयार झालं का हे मेथी सांगते. एका जुन्या डब्यात ते भरा आणि स्वयंपाकघरातल्या मेथीचे वीस-पंचवीस दाणे पेरा. तीन-चार दिवसांत उगवायला हवी. बहुतेक दाणे आले, पानं ताठ, हिरवी, तर लावणीला हरकत नाही. उगवून कडा करपल्या किंवा दाणेच कुजले तर खत कच्चं आहे, आणखी पंधरा दिवस. मिश्रणावर पांढरी छत्री उगवली तर घाबरू नका, उपटून टाका.

भरताना

कुंडीच्या तळाला दोन-तीन इंच खडी घालायची पद्धत आहे. त्यानं निचरा सुधारत नाही. माती आणि खडीच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळांना तेवढी जागा कमी पडते. भोकावर कौलाचा एक तुकडा पालथा ठेवा, बस. भोकं मात्र तळाला चार तरी हवीत.

भरताना दाबू नका, पिशवी दोनदा जमिनीवर आपटली की पुरे. वर दोन इंच जागा सोडा. पाणी घातल्यावर माती खाली जाईल, आठवड्यानं पुन्हा भरा.

जमिनीत लावणार असाल तर माती बदलण्याच्या भानगडीत पडू नका. दर चौरस मीटरला चार-पाच किलो कुजलेलं खत वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा. पावसाळ्यात तीन फूट रुंद, नऊ इंच ते फूटभर उंच गादीवाफा करा. उन्हाळ्यात सपाट वाफा, म्हणजे पाणी थांबतं.

पहिल्यांदा पोकळा, मेथी, मुळा असं लवकर येणारं घ्या. पोकळा महिन्याभरात खुडायला येतो आणि मिश्रणात काही चुकलं असेल तर तेवढ्यात कळतं. वांगी, टोमॅटो, जवारी मिरची त्यानंतर. त्या पिशव्यांना दर तीन-चार आठवड्यांनी दोन मुठी गांडूळ खत वरून द्या आणि हलकं खुरपून झाका.

स्वयंपाकघरातला ओला कचरा बादलीत कुजवून वापरायचा असेल तर भाजीची देठं, कांद्याची सालं, धुतलेली चहापूड, अंड्याची टरफलं चालतात. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली हाडं नकोत, नाहीतर गल्लीतली सगळी मांजरं जिन्यात बसतील.

पीक निघालं की माती फेकू नका. मोठी मुळं काढा, मिश्रण एप्रिल-मेमध्ये ताडपत्रीवर पसरून आठ-दहा दिवस तापवा, मग तीन घमेल्यांना एक घमेलं नवीन खत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून पुन्हा पंधरा दिवस मुरवा. टोमॅटोच्या पिशवीत पुढच्या वेळी टोमॅटो, वांगं, मिरची यांपैकी काही लावू नका. तिथं घेवडा किंवा मेथी घ्या. हे सगळं वळीव सुरू व्हायच्या आधी उरकायचं बघा, एकदा भिजली की काळी माती महिनाभर हात लावू देत नाही.